वजनाचा वारसा

दिवा स्थानकावर उतरून खाडीच्या दिशेने चालू लागावे आणि चाळींची व नव्या इमारतींची दाटी मागे टाकावी, म्हणजे जी जुनी आगरी गावठाणे अजून आपला आकार कसाबसा राखून आहेत त्यांपैकी एकात, मारुतीच्या देवळाच्या पाराशी, एक काळा दगड पडलेला दिसतो. दीड वीत उंचीचा, पिंपासारखा गोलसर घडवलेला. वरच्या अंगाला पाथरवटाने खोल खाच घेऊन तिच्यात दगडाचाच एक आडवा दांडा राखलेला, असा की थोराड माणसाची मूठ त्याच्याभोवती जेमतेम मिटावी. बाकीच्या अंगावर टाकीचे घाव अजून खरखरीत लागतात. दांडा मात्र तळहातांच्या घर्षणाने देवळाच्या उंबरठ्यासारखा गुळगुळीत झालेला आहे. हा नाल. गावातील एका वृद्ध गृहस्थांनी मला सांगितले, की त्यांच्या लहानपणी नाल नुसता जागेवरून हलवणाऱ्याला पोरांत मान मिळे, गुडघ्यापर्यंत आणणाऱ्याला जवानांत जागा मिळे, आणि जो तो खांद्यावर घेऊन देवळाला प्रदक्षिणा घाली त्याचे नाव जत्रेपर्यंत लोकांच्या तोंडी राही. एकाच दगडात गावाने अशा तीन पायऱ्या खोदून ठेवल्या होत्या.

त्या देवळासमोरच्याच रस्त्यावर, एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर, आज एक जिम आहे. तेथे येणारी मुले लोकलच्या गर्दीतून सुटून रात्री नऊ-दहाला व्यायामाला येतात, आणि हल्ली त्यांच्यापैकी काहींना परदेशी बलवानांच्या स्पर्धांचे वेड लागलेले आहे: दगडी गोळे उचलणे, ओंडका डोक्यावर तोलणे, मालमोटारीचे टायर उलथवणे, दोन्ही हातांत ओझी घेऊन धावणे. अशी साधने घरी किंवा जिममध्ये आणायची तर कोणती घ्यावीत, हा प्रश्न मला या मुलांनी अनेकदा विचारला. त्याचे खरे उत्तर दुकानाच्या किंमतपत्रकात मिळण्यासारखे नाही. ते आपल्या तालमींच्या इतिहासात आहे, आणि म्हणून तो इतिहास थोडा सविस्तर सांगणे मला अगत्याचे वाटते.

आपल्या बलोपासनेच्या शब्दांकडेच प्रथम पाहावे. मल्ल, व्यायाम, गदा, मुद्गल हे शब्द संस्कृतातले. तालीम, वस्ताद, खुराक, लेजीम हे शब्द अरबी-फारसीतून आलेले. आणि या दोन्ही प्रवाहांचा संगम ज्या लाल मातीच्या हौद्यात झाला तेथे कोणता शब्द कोठला हे विचारण्याची गरज कोणा पैलवानास कधी पडली नाही. इराणातील जुन्या व्यायामगृहांत, ज्यांना जोरखाना म्हणतात, लाकडी मुद्गलांच्या जोड्या आणि साखळी लावलेले जड लोखंडी धनुष्य आजही फिरवतात. आपली लेजीम या धनुष्याचीच धाकटी बहीण होय, आणि शाळेच्या संमेलनात ती तालावर नाचू लागण्यापूर्वी खांदे आणि छाती कमावण्याचे ते एक कठोर साधन होते. संस्कृत प्रवाह त्याहूनही मागे जातो. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात रचलेल्या मानसोल्लासात मल्लविनोद हे एक प्रकरण आहे, आणि त्यात मल्लांचा आहार, त्यांची वर्गवारी व त्यांचे श्रम सांगताना ओझ्यांचा व्यायाम, पाण्यातला व्यायाम आणि खांबावरचा व्यायाम हे वेगवेगळे मांडलेले आहेत. ज्या कल्याणीत हा ग्रंथ झाला ती म्हणजे आमचे उल्हास नदीकाठचे कल्याण नव्हे, आजच्या कर्नाटकातील बसवकल्याण होय. परंतु नामसाम्याचा मोह टाळला तरी एवढे निश्चित, की शरीराला कोणते ओझे, कोणत्या क्रमाने आणि कशासाठी द्यावे याचा विचार या भूमीत किमान नऊ शतके चालू आहे.

त्या विचाराचे फळ म्हणजे तालमीची साधने. आणि त्यांपैकी प्रत्येकाचे काम निराळे आहे. करेल हलके, मुठीत सहज मावणारे, खांद्याच्या सांध्याला तेल घातल्यासारखे मोकळे करणारे. मुद्गल त्याहून जड, पाठीमागून गोल फिरवून पुन्हा समोर आणावयाचा, ज्यात खांदा, पाठ आणि कंबर यांना एकाच लयीत काम करावे लागते. गदेत तर लांब दांड्याच्या टोकाला सगळा भार, आणि म्हणून हातातील अंतर वाढेल तसतसा तोच भार मनगटाला वाढत गेलेला जाणवतो. वस्ताद या तत्त्वाचा उपयोग मोठ्या चातुर्याने करीत. नवशिक्याला मुद्गल भाराच्या अगदी जवळ, त्याच्या मानेशी धरावयास लावीत; तयारी झाली म्हणजे मूठ टोकाकडे सरकवावयास सांगत; साधन बदलल्यावाचून वजन वाढे आणि तालमीचा खर्चही वाचे. नालाचे काम याहून वेगळे. तो फिरवावयाचा नसतो, धरावयाचा असतो. त्यात बोटे, पंजा आणि कणा यांची परीक्षा होते, कारण दगड माणसाच्या सोयीने घडलेला नसतो, माणसालाच दगडाच्या सोयीने आपला देह घडवावा लागतो. आणि या सर्वांच्या आधी जोर आणि बैठका, ज्यांना कोणतेच साधन लागत नाही. शेकड्यांनी जोर काढल्यावाचून मुद्गलाला हात लावू न देण्याची जी शिस्त जुन्या तालमींत होती, तिच्यामागे कंजूषपणा नव्हता, सांधे सांभाळण्याचे शहाणपण होते.

नालावर वजन कोरलेले नसे, आणि जेथे ते तोंडी सांगितले जाई तेथे ऐकणाऱ्याने सावध राहावे. इंग्रजी अमदानीत सरकारी पक्का मण चाळीस शेरांचा, म्हणजे आजच्या हिशेबाने सुमारे ३७.३ किलोचा होता. मुंबईचा मण मात्र २८ पौंडांचा, म्हणजे १२.७ किलोचा. तेव्हा आजोबांनी चार मणांचा दगड उचलला असे घराण्यात सांगत असतील, तर तो ५० किलोचा असू शकतो आणि १५० किलोचाही. दशमान वजने १९५८ पासून टप्प्याटप्प्याने रूढ झाली आणि हा संभ्रम मिटला असे आपण समजतो. पण तो पुरता मिटलेला नाही. माझ्या तरुणपणी मी ज्या व्यायामशाळेत जात असे, तेथील लोखंडी चकत्यांवर २० हा आकडा ठसठशीत ओतलेला होता. एकदा भंगाराच्या गाडीवाल्याचा काटा दाराशी उभा असता आम्ही सहज म्हणून त्या तोलून पाहिल्या, तेव्हा एक १८ किलो भरली आणि तिची जोडीदार २१. वर्षभर माझा डावा खांदा का दुखत होता याचा उलगडा त्या दिवशी झाला. त्या दिवसापासून कोणतेही वजन विकत घेण्यापूर्वी काट्यावर चढवून पाहावे, हा माझा नियम आहे, आणि विचारणाऱ्या प्रत्येकाला मी तो प्रथम सांगतो.

आता नाल ज्या खाडीकाठी पडला आहे त्या स्थळाकडे वळू. ठाणे आणि कल्याण ही दोन्ही जुनी बंदरे; गलबतांतून उतरणारा माल हमालांच्या पाठीवरून वखारींत जाई. त्यांच्या मधल्या खाडीकाठावर भाताची खाचरे आणि मिठागरे होती, आणि दिवा, साबे, दातिवली, आगासन, बेतवडे ही गावे त्या चिखलाच्या आणि मिठाच्या श्रमावर जगत. बांधबंदिस्तीसाठी चिखलाची ढेकळे उचलून बांधावर रचणे, मिठाच्या पाट्या डोक्यावरून ढिगापर्यंत नेणे, भाताची पोती पाठीवर घेणे, भरतीच्या वेळेला होडी ओढणे: या कामांत जे बळ कमावले जाई त्याला व्यायाम असे कोणी म्हणत नसे, नाल हा त्या बळाचा सणासुदीचा पोशाख होता, एवढेच. मिठाची पाटी उचलणारे हात, कापणी-मळणी उरकल्यावर चैत्रातल्या जत्रांत, कुस्तीच्या हौद्यात आणि नालाच्या दांड्यावर आपली कमाई दाखवीत.

मग आगगाडी आली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे हा मार्ग सुरू झाला, पुढच्याच वर्षी तो कल्याणपर्यंत पोहोचला, १९१६ साली पारसिकचा बोगदा खुला झाला, आणि पुढे पनवेल व वसईकडे फाटे फुटून दिवा हे जंक्शन झाले. रुळांनी येथल्या माणसाच्या श्रमाचे रूपच पालटले. जुन्या पद्धतीचा नव्वद पौंडी रूळ मीटरला ४४.६ किलो भरतो. तेरा मीटरचा एक रूळ म्हणजे ५८० किलो. तो गँगमनांची टोळी चिमट्यांनी धरून, मुकादमाच्या हाकेवर, सगळ्यांची पावले एका ठेक्यात टाकीत वाहून नेई. त्यात एकाचे पाऊल चुकले तर दुसऱ्याच्या पायावर बेतावे, म्हणून त्या टोळीत सर्वांत बलवान माणसापेक्षा सर्वांत सावध माणसाची किंमत अधिक. दोन्ही हातांत ओझी घेऊन चालण्याची जी स्पर्धा आज परदेशी मैदानांत पाहून मुले थक्क होतात, तिचे मूळ रूप त्यांच्याच स्थानकाबाहेरच्या खडीवर पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे.

याच काळात तालमींवरही स्थित्यंतर आले. १८७८ च्या शस्त्रकायद्याने शस्त्रांवर परवान्याचे बंधन बसले आणि दांडपट्टा, फरीगदगा या विद्यांचे जे युद्धोपयोगी अंग होते ते हळूहळू कवायतीत आणि मिरवणुकीत उतरले. बलोपासना मात्र खचली नाही; १८९३ नंतर सार्वजनिक गणेशोत्सवांच्या मेळ्यांनी तिला गल्लीगल्लीत नवे आश्रयस्थान दिले. बडोद्यात प्रोफेसर माणिकरावांनी जुम्मादादा व्यायाममंदिरातून हजारो तरुण घडवले. अमरावतीत १९१४ साली वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा पाया घातला. दादरला १९२५ साली समर्थ व्यायाम मंदिर उभे राहिले. माणिकरावांचे शिष्य स्वामी कुवलयानंद यांच्या मार्गदर्शनाखाली १९३८ साली कांदिवलीस सरकारी शारीरिक शिक्षणसंस्था सुरू झाली. आणि बडोद्याचे दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी १९३६ ते १९४९ या काळात दहा खंडांचा व्यायाम ज्ञानकोश सिद्ध करून, वस्तादांच्या हातात आणि स्मरणात असलेली विद्या कागदावर सुरक्षित केली. बडोद्याच्या संग्रहालयात एक प्रचंड दगड ठेवलेला आहे. २३ डिसेंबर १९०२ रोजी तरुण गामा पैलवानाने सुमारे १२०० किलोचा तो दगड उचलला, असे त्यावरील कोरीव लेख सांगतो. त्या आकड्याविषयी ज्याने त्याने आपले मत बनवावे. मला महत्त्वाचे वाटते ते हे, की एका राजधानीने तलवारी आणि चित्रे यांच्या शेजारी एका दगडालाही संग्राह्य मानले.

याच वेळी आपले मुद्गल परदेशी निघाले होते. इंग्रज फौजेने ते हिंदुस्थानात पाहिले, आपल्या कवायतीत घेतले, आणि एकोणिसाव्या शतकात त्यांची हलकी लाकडी आवृत्ती युरोप-अमेरिकेतील शाळांपासून व्यायामगृहांपर्यंत सर्वत्र फिरू लागली. १९०४ आणि १९३२ च्या ऑलिंपिक सामन्यांत मुद्गल फिरवण्याची स्पर्धाच झाली. उलट दिशेने पाश्चात्त्य लोखंडी सळई आणि चकत्या आमच्याकडे आल्या. या साधनाने एक मोठे काम केले, ते नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. ऑलिंपिक मापाची सळई २० किलोची, २.२ मीटर लांबीची, आणि मुठीखाली २८ मिलिमीटर जाडीची असते. तिच्यावर सव्वा किलोची चकतीही चढवता येते, आणि त्यामुळे पायरी इतकी बारीक होते की दुबळ्यातल्या दुबळ्या माणसालाही दर आठवड्याला एक पाऊल वर टाकता यावे. नालाच्या तीन पायऱ्यांपुढे हा शंभर पायऱ्यांचा जिना होता. मात्र तिच्याबरोबर हाताची पकड सोपी झाली, भार दोन्ही बाजूंना समतोल झाला, आणि ओबडधोबड ओझ्याशी झगडून येणारे चिवट बळ हळूहळू विस्मरणात गेले.

त्या विस्मृत बळाचीच आठवण पाश्चात्त्यांना पुढे झाली. १९७७ साली कॅलिफोर्नियात जगातील सर्वांत बलवान पुरुष ठरवण्याची स्पर्धा प्रथम भरली, आणि तिच्या साधनांसाठी लोकांनी आपापल्या गावांतले जुने दगड पुन्हा पाहिले. स्कॉटलंडमध्ये लोखंडी कड्या बसवलेली, दोन्ही मिळून ३३२.५ किलो भरणारी डिनी नावाची दगडांची जोडी आहे. स्पेनच्या बास्क प्रांतात दगड खांद्यावर घेण्याची शेतकऱ्यांची स्पर्धा परंपरेने चालते. आणि आइसलँडमध्ये हुसाफेल येथे मेंढवाड्यापाशी १८६ किलोचा एक तिकोनी दगड आहे, जो गुडघ्यापर्यंत उचलणाऱ्याला आळशी, कमरेपर्यंत आणणाऱ्याला अर्धबली, आणि छातीशी धरून चालणाऱ्याला पूर्णबली म्हणत. हे प्रथम वाचले तेव्हा मला पाराजवळच्या त्या वृद्ध गृहस्थांचे शब्द आठवले आणि क्षणभर काही सुचेना. हजारो कोस दूरच्या, एकमेकांची भाषा न जाणणाऱ्या दोन गावांनी एकेका दगडात तशाच तीन पायऱ्या शोधल्या होत्या.

एवढा वृत्तान्त समोर ठेवल्यावर निवडीचा प्रश्न आपोआप सुटू लागतो. नाल काळ्या पाषाणाचा झाला, कारण सह्याद्रीच्या कुशीत तोच दगड मिळतो. ओझे पोत्याचे झाले, कारण गावात भात पिकत होते. मुद्गल शिसवी-सागाचे झाले, कारण ते लाकूड पावसाळ्यातही फाटत नाही. बळाची साधने जागेच्या श्रमातून आणि जागेच्या मालातून जन्मली. म्हणून ती निवडणाऱ्याने आधी आपली जमीन, आपली हवा आणि आपली माणसे पाहावीत.

घरासाठी निवडणाऱ्याला मी सांगेन, की दोन मुद्गल आणि एक वाळूचे जाड पोते यांनी आरंभ करावा. सिमेंटच्या ५० किलोच्या पिशवीएवढ्या जागेत कोरडी वाळू सुमारे ५५ किलो बसते. ती लहान लहान थैल्यांत भरून मोठ्या पोत्यात घातली, म्हणजे थैल्या कमीअधिक करून वजन हवे तसे ठरवता येते, आणि पोते पडले तरी खालच्या बिऱ्हाडाची झोप मोडत नाही. राहत्या इमारतीची लादी साधारणतः चौरस मीटरला २०० किलो भार धरून आखलेली असते. तेव्हा चाळीच्या माडीवर किंवा भरावाच्या जमिनीवर घाईने उभ्या राहिलेल्या इमारतीत दगडी गोळे आपटणे हा पराक्रम नसून शेजाऱ्यांच्या जिवाशी खेळ आहे. जड साधनांची जागा तळमजल्यावर, पक्क्या जोत्यावर, जाड रबराच्या बिछायतीवरच असावी.

जिम चालवणाऱ्याने गोळे काँक्रीटचे ओतून घ्यावेत, आणि एक हिशेब ध्यानात ठेवावा. ४० सेंटिमीटर व्यासाचा गोळा सुमारे ८० किलो भरतो, ४५ चा सुमारे ११५, आणि ५० चा १५७. म्हणजे व्यास सव्वापट झाला की वजन जवळजवळ दुप्पट. डोळ्यांना किंचित मोठा दिसणारा गोळा कण्याला फार मोठा असतो, आणि सांगितल्यावाचून नवख्याला हे कळत नाही. म्हणून मोठ्या गोळ्याआधी लहान गोळे अधिक हवेत. जेथे एकच अजस्र गोळा दाराशी शोभेसाठी ठेवलेला आणि मधल्या पायऱ्या गायब, ती जागा तालीम नव्हे. टायर घ्यावयाचा तर आतील तारा कोठे उघड्या पडल्या नाहीत ना हे हात फिरवून पाहावे, आणि पावसाळ्यात तो आडोशाला ठेवावा, कारण त्यात साठलेले पाणी डेंग्यूच्या डासांचे घर होते. खाडीवरून येणारा खारा वारा उघड्या लोखंडाला एका पावसाळ्यात तांबडे करतो. म्हणून जस्ताचा मुलामा दिलेले साहित्य घ्यावे, नाहीतर दर आठवड्याला तेलाचा बोळा फिरवणारा माणूस ठेवावा. जुन्या तालमीत संध्याकाळी हौद्यातली माती उकरणे, तीत तेल, ताक आणि हळद मिसळणे, मुद्गल पुसून खुंटीला लावणे ही कामे पट्ठ्यांना करावी लागत, आणि ती केल्यावाचून कोणाला लढत मिळत नसे. साधनाची निगा हा व्यायामाचाच पहिला धडा होता.

परवा संध्याकाळी मी पुन्हा त्या पाराशी गेलो होतो. जिममधला एक मुलगा, जो सकाळी ठाण्याला कामावर जातो आणि रात्री सळईवर शंभर किलो सहज उचलतो, माझ्याबरोबर होता. त्याने नालाच्या दांड्याला हात घातला, तेव्हा दगड एका बाजूला कलला आणि पुन्हा बसला, बोटांतून निसटला. त्याने तळहात पाहिला, मग वाकून दांड्यावरचा तो गुळगुळीत भाग बोटांनी चाचपला आणि मूठ थोडी सरकवून नेमकी जुन्या खळगीत बसवली. या वेळी नाल जमिनीपासून सुटला, नडगीपर्यंत आला, आणि त्याने तो सोडून न देता, श्वास रोखून, अगदी हळू, होता तेथेच परत ठेवला. ज्यांनी ती खळगी झिजवली त्यांची नावे आज कोणाला ठाऊक नाहीत. पण हात कोठे धरावा हे त्यांनी दगडात लिहून ठेवले होते, आणि ते त्याला वाचता आले.